शिलेदारांचा जमाखर्च

विवाहेच्छुक मुलामुलींच्या परिचयपत्रात ‘व्यवसाय’ या रकान्यापुढे पूर्वी तीनच उत्तरे येत असत : स्वतःचे दुकान, वडिलोपार्जित पेढी किंवा नोकरी. गेल्या काही वर्षांत तेथे ‘फ्रीलान्स’ हे चौथे उत्तर दिसू लागले आहे. कधी ते एकटे येते, कधी ‘नोकरी व फ्रीलान्स’ असे जोडीने येते, तर कधी ‘दुकान पाहतो, शिवाय ऑनलाइन कामे करतो’ अशा मोघम शब्दांत येते. हा रकाना वाचताना वडीलधारी मंडळी क्षणभर थबकतात. मुलगा नेमके काय करतो, त्याची मिळकत किती, ती उद्या टिकेल का, हे त्यांना उमगत नाही. आणि जे उमगत नाही त्याला ‘कच्चे काम’ म्हणून मोकळे होण्याची आपल्या व्यापारी घरांची रीत आहे. हे काम कच्चे की पक्के, याचा निवाडा तर्काने नव्हे, जमाखर्चाने व्हावयास हवा. म्हणून या वेळच्या लेखात त्याच रकान्याची खतावणी मांडण्याचे योजिले आहे.

‘फ्रीलान्स’ हा शब्द इंग्रजीत रूढ होण्यास सर वॉल्टर स्कॉट यांची १८१९ साली प्रसिद्ध झालेली ‘आयव्हॅनहो’ ही कादंबरी कारणीभूत ठरली. कोणा एका सरदाराला न बांधलेला, मोबदला घेऊन लढणारा भालाईत स्वार, असा त्याचा मूळ अर्थ. या कल्पनेसाठी आपल्याला परभाषेत जाण्याचे कारण नाही. मराठी फौजेच्या घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकारचे स्वार होते. बारगीर हा पागेतला. घोडा व हत्यार सरकारचे आणि त्याला ठरलेले वेतन. शिलेदार स्वतःचा घोडा व स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीस येई. त्याचा मोबदला बारगिराहून अधिक असे. परंतु घोड्याची वैरण त्याची, खोगीर त्याचे, आणि लढाईत घोडा पडला तर नुकसानही त्याचेच. आजचा पगारदार हा बारगीर होय आणि फ्रीलान्स काम करणारा तरुण हा शिलेदार. त्याचा घोडा म्हणजे त्याचा लॅपटॉप, त्याचे कौशल्य आणि त्याची प्रकृती. बहुतेक शिलेदारांना आपल्या हाती येणारा मोबदला दिसतो. वैरणीचा हिशेब मात्र कोणी मांडीत नाही. सारा घोळ तेथेच आहे.

हा प्रकार आपल्या बाजारपेठांना नवा नाही. सांजवेळी चार दुकानांत जाऊन रोजमेळ लिहिणारे दिवाणजी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ‘पार्ट-टाइम’ या शब्दाचे अप्रूप वाटणार नाही. इचलकरंजीचा खर्चीवाला यंत्रमागधारक व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देतो. माग त्याचा, वीजबिल त्याचे, माल मात्र व्यापाऱ्याचा. हुपरीच्या चांदी व्यवसायातही घरोघरचे कारागीर नगावर किंवा वजनावर काम करीत आले आहेत. लग्नसराईतील बँडवाले ज्याला ‘सुपारी’ म्हणतात, त्यालाच अमेरिकेतील जाझ वादक ‘गिग’ म्हणत, आणि त्या शब्दावरूनच आजच्या ‘गिग’ अर्थव्यवस्थेचे नाव पडले. नवीन आहे ती या कामाची व्याप्ती आणि कामगार व मालक यांच्यामध्ये आलेले मोबाइलवरील ॲप.

व्याप्तीची कल्पना एका आकड्यावरून येईल. निती आयोगाने जून २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात २०२०-२१ या वर्षी देशातील गिग कामगारांची संख्या सुमारे ७७ लाख धरली होती आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा अंदाज वर्तविला होता. यात दुचाकीवरून जेवण पोहोचविणारे आहेत, टॅक्सीचालक आहेत, तसेच संकेतस्थळे घडविणारे, जाहिरातींचे आरेखन करणारे, भाषांतर करणारे आणि परदेशी कंपन्यांचे हिशेब लिहिणारेही आहेत. आपल्या घरांतील मुलेमुली मुख्यतः या दुसऱ्या गटात मोडतात.

ही वाढ कशामुळे झाली, हे व्यापाऱ्याला सांगावे लागू नये. पगार हा स्थिर खर्च आहे. विक्री होवो वा न होवो, महिन्याच्या अखेरीस तो द्यावाच लागतो. कामापुरता माणूस हा बदलता खर्च आहे. काम असेल तेव्हा बोलवावा, नसेल तेव्हा नाही. मंदीच्या भीतीने प्रत्येक उद्योग आपला स्थिर खर्च बदलत्या खर्चात रूपांतरित करू पाहतो. इंटरनेटमुळे पुण्यातील मुलीला सिंगापूरच्या कंपनीचे काम मिळू लागले, आणि यूपीआयमुळे लहानसहान रकमाही क्षणात पोहोचू लागल्या, तेव्हा हे रूपांतर सोपे झाले. मात्र मंदीची जोखीम त्यामुळे नाहीशी झालेली नाही. ती कंपनीच्या ताळेबंदातून उचलली गेली आणि काम करणाऱ्याच्या घरात येऊन बसली. जोखीम घेणाऱ्याला तिची किंमत मिळावी, हा व्यापाराचा आद्य नियम आहे. या नियमाने पाहिले तर आपल्या मुलांपैकी अनेक जण जोखीम घेत आहेत, पण तिची किंमत घेत नाहीत.

ते कसे, हे एका ग्रहीत उदाहरणाने पाहू. एका तरुणाला नोकरीत दरमहा ५०,००० रुपये हाती पडत होते. महिन्याचे २६ दिवस आणि दिवसाचे आठ तास धरले, तर तासाला सुमारे २४० रुपये झाले. नोकरी सोडून तो स्वतंत्र काम करू लागला आणि ‘तासाला ३०० रुपये घेतो’ असे अभिमानाने सांगू लागला. आता वैरणीचा हिशेब मांडू. ७५,००० रुपयांचा लॅपटॉप तीन वर्षे चालेल असे धरले, तर वार्षिक घसारा २५,०००. सॉफ्टवेअर, इंटरनेट व वीज ३०,०००. आरोग्यविमा, जो पूर्वी कंपनी काढीत होती, २५,०००. मालकाचा भविष्यनिर्वाह निधीतील वाटा व ग्रॅच्युइटी यांच्या बदल्यात स्वतः बाजूला ठेवावयाची रक्कम ५०,०००. सल्लागाराचे शुल्क, व्यवसाय कर आदी १०,०००. एकूण झाले १,४०,०००. म्हणजे पूर्वीइतकेच ६ लाख घरात येण्यासाठी त्याला ७ लाख ४० हजारांचे बिल व्हावयास हवे.

आता तास मोजू. वर्षातील ५२ रविवार आणि सण, आजार, कौटुंबिक कार्ये यांचे २५ दिवस वजा केले, तर उरले २८८ दिवस. आठ तासांपैकी नवे काम शोधणे, दरपत्रक पाठविणे, फुकटच्या दुरुस्त्या करणे आणि पैशांसाठी तगादा लावणे यांत तीन तास जातात. बिल लावता येते ते पाच तासांचे. वर्षाचे १,४४० तास झाले. ७ लाख ४० हजारांस १,४४० ने भागले असता उत्तर येते तासाला सुमारे ५१४ रुपये. म्हणजे नोकरीतल्या २४० रुपयांशी बरोबरी करण्यासाठी या तरुणाने दुपटीहून अधिक दर लावावयास हवा. ३०० रुपये घेणारा तरुण बिलाच्या पाच तासांत वर्षाला ४ लाख ३२ हजार मिळवितो आणि घोडा म्हातारा होत चालला आहे याची त्याला कल्पना नसते. प्रत्येक घराने आपले आकडे घालून हे गणित करावे. ज्याला घसारा म्हणजे काय हे लहानपणापासून ऐकून ठाऊक आहे, त्याने स्वतःच्या श्रमाचा भाव काढताना तो विसरू नये.

दुसरा मुद्दा लेखी नोंदींचा. बँकेत असताना गृहकर्जाचा एक अर्ज माझ्यासमोर आला होता. अर्जदार संकेतस्थळे तयार करणारा, विशीच्या अखेरीतला, हुशार तरुण. त्याच्या सांगण्याप्रमाणे मिळकत दरमहा सत्तर-ऐंशी हजार; पण तिच्यातील काही रक्कम आईच्या खात्यात, काही रोखीने, काही त्याच्या बचत खात्यात घरखर्चाशी मिसळलेली. आयकराचे विवरणपत्र एकाही वर्षाचे नाही. ‘कंपन्या करकपात करूनच पैसे देतात, मग विवरणपत्र कशाला?’ असा त्याचा समज. त्याच्या वडिलांचे छोटेसे दुकान होते, मिळकत मुलाच्या निम्म्याहून कमी. पण त्यांची विवरणपत्रे ओळीने तयार होती. कर्ज वडिलांना मंजूर होण्यासारखे होते, मुलाला नव्हते. बँकेला माणसाचे कौशल्य दिसत नाही, तिला कागद दिसतो. शिवाय त्या तरुणाच्या मिळकतीतून कापलेला कर त्याच्या पॅन क्रमांकावर जमा होऊन पडला होता आणि विवरणपत्राची मुदत उलटलेल्या वर्षांचा परतावा मागण्याचा सरळ मार्ग बंद झाला होता.

आयकराची व्यवस्था लहान व्यावसायिकाला वाटते तितकी जाचक नाही. आयकर कायदा १९६१ मधील कलम ४४एडीए नुसार विधी, वैद्यक, अभियांत्रिकी, वास्तुरचना, लेखाकर्म, तांत्रिक सल्ला, अंतर्गत सजावट, माहिती तंत्रज्ञान अशा निर्दिष्ट व्यवसायांत एकूण जमेच्या ५० टक्के रक्कम उत्पन्न म्हणून दाखविता येते आणि सविस्तर वह्या ठेवण्यापासून सूट मिळते. जमेची मर्यादा ५० लाख रुपये. रोखीची जमा ५ टक्क्यांहून अधिक नसेल तर ७५ लाख. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले, तरी अंदाजित उत्पन्नाचे तत्त्व कायम आहे. उदाहरणार्थ, आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये एखाद्या संगणक व्यावसायिकाची जमा ९ लाख रुपये असेल, तर किमान साडेचार लाख उत्पन्न दाखवावे लागेल आणि नव्या करप्रणालीत त्यावर कर शून्य होईल. त्याच्या शुल्कातून १० टक्क्यांनी ९०,००० रुपये कापले गेले असतील, तर विवरणपत्र भरताच ते परत मिळतील. आपले काम निर्दिष्ट व्यवसायांत बसते की नाही, हे मात्र सल्लागाराकडून पक्के करून घ्यावे. आरेखन, लेखन, दलाली यांचे नियम एकसारखे नाहीत.

येथे बँकेच्या अनुभवातून एक सावधगिरी सांगतो. ५० टक्के ही किमान मर्यादा आहे, प्रत्यक्ष नफा अधिक असेल तर तो अधिकच दाखवावा लागतो. पुढे घर घ्यावयाचे असेल, तर हे प्रामाणिक अधिक उत्पन्नच उपयोगी पडते. कारण बँक कर्जाचा हप्ता ठरविताना जमेकडे पाहत नाही, विवरणपत्रातील उत्पन्नाकडे पाहते. स्वतंत्र कामाचे खाते घरखर्चाच्या खात्यापासून वेगळे ठेवावे. परदेशातून येणारे पैसे बँकेच्या अधिकृत मार्गानेच घ्यावेत आणि प्रत्येक रकमेचा परकीय आवक सूचनेचा कागद जपून ठेवावा. महाराष्ट्रात स्वतंत्र व्यावसायिकाला वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर लागू असतो, हेही अनेकांच्या गावी नसते.

व्यापारी घरांसाठी जीएसटीचा एक बारकावा विशेष महत्त्वाचा आहे. केवळ सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर आपल्या राज्यात सर्वसाधारणपणे नोंदणी लागत नाही. परंतु उलाढाल मोजली जाते ती पॅन क्रमांकानुसार. दुकान मुलाच्याच नावे, त्याच्या एकट्याच्या मालकीचे असेल आणि त्याच दुकानाची जीएसटी नोंदणी असेल, तर त्याचे रात्रीचे आरेखनाचे कामही त्याच नोंदणीखाली येते. ते ‘वेगळे, छोटे’ म्हणून सोडता येत नाही. दुकान वडिलांच्या नावे व काम मुलाच्या नावे असेल, तर गोष्ट निराळी. ही विभागणी आरंभीच समजून घ्यावी. नोटीस आल्यावर समजून घेणे महाग पडते.

नोकरी सांभाळून जोडकाम करणाऱ्यांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. २०२२ साली या विषयावर देशात मोठी चर्चा झाली. विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी अशा जोडकामाला सरळ ‘फसवणूक’ म्हटले आणि प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम करताना आढळलेल्या ३०० कर्मचाऱ्यांना कमी केल्याचे सांगितले. त्याच वर्षी स्विगीने मात्र आपल्या कर्मचाऱ्यांना काही अटींवर बाहेरचे काम करण्याची मुभा दिली. कायदा कारखान्यांपुरता स्पष्ट आहे : कारखाने अधिनियम १९४८ मध्ये एकाच दिवशी दोन कारखान्यांत काम करण्यास मनाई होती. कार्यालयीन नोकरीत मात्र नेमणूकपत्रातील अटच निर्णायक ठरते. ती अट वाचावी, परवानगी लेखी घ्यावी, मालकाचा वेळ, संगणक व माहिती जोडकामास वापरू नये आणि मालकाच्या स्पर्धकाचे काम तर मुळीच घेऊ नये. मुनीम दुसऱ्या पेढीचे हिशेब लिहीत असेल तर एक वेळ चालेल, पण समोरच्या प्रतिस्पर्धी पेढीचे लिहू लागला तर चालणार नाही, हे आपल्या वाडवडिलांनाही मान्य होते. जोडकाम लपून राहील या भ्रमातही राहू नये. भविष्यनिर्वाह निधीचा खाते क्रमांक आणि करकपातीची नोंद दोन्ही ठिकाणी एकाच माणसाला जोडलेली असते.

जोडकामाच्या नावाखाली चालणाऱ्या फसवणुकीबद्दल स्पष्ट लिहिणे भाग आहे. ‘घरबसल्या चित्रफितींना पसंती द्या, दिवसाला दोन हजार मिळवा’ असा संदेश येतो. प्रारंभी दोन-चारशे रुपये खरोखर जमा होतात. मग ‘मोठे काम’ मिळण्यासाठी अनामत मागितली जाते आणि ती रक्कम परत येत नाही. काम देणारा कधी पैसे मागत नाही. मागत असेल तर तो काम देणारा नव्हे. याहून घातक प्रकार म्हणजे ‘तुमचे बँक खाते वापरू द्या, आलेल्या रकमेवर टक्केवारी घ्या’. अशा खात्यातून चोरीचा पैसा फिरविला जातो. पोलिसांचा पहिला पत्ता खातेदाराचाच असतो, खाते गोठते आणि विशीतल्या मुलाच्या नावामागे चौकशी लागते. आपल्या समाजातील मुलांच्या नावावर घराण्याची पत उभी असते; ती टक्केवारीने भाड्याने देण्याची वस्तू नाही. फसवणूक लक्षात येताच १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी. पहिल्या काही तासांत रक्कम अडविली जाण्याची शक्यता सर्वाधिक असते.

आता त्या मुद्द्याकडे वळतो, ज्यात आपण केवळ पालक नसून पक्षकार आहोत. फ्रीलान्स काम करणाऱ्या कोणत्याही मुलाला विचारा, सर्वांत मोठा त्रास कशाचा? तो काम मिळण्याचा सांगणार नाही, पैसे मिळण्याचा सांगेल. दिवाळीची जाहिरात तयार करून दिली, दिवाळी उलटली, होळी आली, बिल तसेच. आणि हे बिल थकविणारे कोण? अनेकदा आपल्याच पेढ्या. घाऊक व्यापाऱ्याचे देणे वेळेवर जाते, कारण तो पुढचा माल अडवील. हमालाची मजुरी त्याच दिवशी जाते, कारण तो समोर उभा असतो. आरेखन करणारी मुलगी मात्र समोर नसते आणि तिचा माल अडविता येत नाही, कारण तो आधीच आपल्या मोबाइलवर आलेला असतो. म्हणून तिचे बिल खाली जाते.

कायद्याने ही सवय आता महाग केली आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम २००६ नुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु सेवापुरवठादाराचे देणे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागते. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागते. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकर कायद्यात कलम ४३बी(एच) आले. त्यानुसार मुदतीत न दिलेली अशी रक्कम त्या वर्षीचा खर्च म्हणून वजाच मिळत नाही; ती प्रत्यक्ष देऊ त्या वर्षी मिळते. घरून एकट्याने काम करणारी मुलगीही उद्यम नोंदणी करून या संरक्षणाखाली येऊ शकते. ही नोंदणी विनामूल्य व ऑनलाइन आहे. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यास विलंबित देण्याचे हे संरक्षण मिळत नाही, सेवा देणाऱ्यास मिळते. म्हणजे वडिलांच्या दुकानाला जे मिळत नाही ते मुलीच्या स्वतंत्र कामाला मिळते. तेव्हा स्वतंत्र काम करणाऱ्या प्रत्येकाने उद्यम नोंदणी करावी, बिलावर तो क्रमांक छापावा, काम सुरू करण्यापूर्वी तृतीयांश रक्कम आगाऊ घ्यावी आणि अटी निदान ईमेलवर तरी लिहून घ्याव्यात. तोंडी शब्दावर लाखोंचे सौदे करणाऱ्या परंपरेचा अभिमान अवश्य असावा. पण तो शब्द आडतबाजारात चाले, कारण तेथे सारे एकमेकांस ओळखत. अनोळखी गिऱ्हाइकासाठी कागदच लागतो.

सुरक्षिततेच्या बाबतीत कायदा हळूहळू शिलेदाराची दखल घेऊ लागला आहे. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये ‘गिग कामगार’ व ‘प्लॅटफॉर्म कामगार’ यांची प्रथमच व्याख्या करण्यात आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती संहिता अमलात आली. ॲप चालविणाऱ्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कामगारांच्या सामाजिक सुरक्षा निधीत द्यावी, अशी तीत तरतूद आहे. परंतु सुशिक्षित स्वतंत्र व्यावसायिकाने त्या भरवशावर राहू नये. सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम सहज काढता येईल अशा ठेवीत असावी. आरोग्यविमा आणि मुदतीचा आयुर्विमा पहिल्याच वर्षी घ्यावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक विम्याच्या हप्त्यावरील जीएसटी शून्य झाला आहे. सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधी व राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना दोन्ही स्वयंरोजगार करणाऱ्यास खुल्या आहेत. प्रत्येक बिलाची रक्कम येताच तिचा ठरावीक भाग तेथे वळवावा. वर्षअखेरीस उरेल ते ठेवू, असे म्हटले तर काही उरत नाही.

घरातील स्त्रियांच्या कामाचा विचार याच ओघात यावयास हवा. १९५९ साली मुंबईच्या गिरगावात सात भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटण्यास प्रारंभ केला आणि त्यातून लिज्जत पापडाची संस्था उभी राहिली. त्याही घरून, केलेल्या कामानुसार मोबदला घेत. पण त्या संस्थेच्या सहमालक होत्या, नफ्यात वाटेकरी होत्या. ॲपवर काम करणाऱ्याजवळ आज नेमकी तीच गोष्ट नाही. चार घरांतील खाखरे, लोणची किंवा शिकवण्या एका नावाखाली, एका खात्यात, एका हिशेबात आल्या, तर एकट्या भगिनीला न मिळणारा भाव त्यांना मिळू शकतो. दुसरे असे, की आज अनेक घरांत सूनबाई दुकानाचे इन्स्टाग्राम सांभाळते, छायाचित्रे काढते, ग्राहकांना उत्तरे देते, आणि हे सारे ‘घरचेच काम’ म्हणून विनामोबदला चालते. तेच काम बाहेरच्या मुलाकडून करून घेतले असते तर दरमहा दहा-पंधरा हजार द्यावे लागले असते. तो मोबदला तिच्या नावे, तिच्या खात्यात, रीतसर जमा व्हावा. ती देणगी ठरत नाही, दुकानाचा रास्त खर्च ठरतो.

या कामाची घराला द्यावी लागणारी एक किंमत वहीत दिसत नाही. अमेरिकेतील गिऱ्हाईक जागे होते तेव्हा आपल्याकडे रात्र पडते. सूर्यास्तापूर्वी एकत्र जेवणाऱ्या घरातील मुलगा त्या वेळी नुकताच उठून कामाला बसतो. झोप, जेवण, घरच्यांशी बोलणे यांचा मेळ बसत नाही. शिलेदाराच्या घोड्याला मुक्काम लागतो. दिवसाचे कोणते तास विकावयाचे आणि कोणते विकावयाचे नाहीत, हे दर ठरविण्याइतकेच महत्त्वाचे आहे, आणि ते घरातील सर्वांनी बसून ठरवावे.

तेव्हा परिचयपत्रातील त्या रकान्यापाशी थबकलेल्या वडीलधाऱ्यांनी ‘काम कायमचे आहे का?’ असे विचारण्याऐवजी पाच गोष्टी विचाराव्यात. तीन वर्षांची विवरणपत्रे आहेत का? एकाच गिऱ्हाइकावर निम्म्याहून अधिक मिळकत अवलंबून आहे का? आरोग्यविमा आहे का? सहा महिन्यांची शिल्लक आहे का? गेल्या वर्षभरात नवे काही शिकला का? या पाचांची उत्तरे समाधानकारक असतील, तर ते स्थळ पगारदाराच्या स्थळाहून उणे नाही. नोकरीही आता कायमची राहिलेली नाही आणि दुकान तर कधीच कायमचे नव्हते. ते रोज सकाळी नव्याने उघडावे लागते, हे आपल्याहून अधिक कोणास ठाऊक?

आणि हा अंक हातावेगळा करण्यापूर्वी आपल्या पेढीची देणी एकदा उघडून पाहावीत. जाहिरात करून देणारा, संकेतस्थळ सांभाळणारी, हिशेब लिहिणारा, छायाचित्रे काढणारी, यांच्यापैकी कोणाचे बिल पंधरा दिवसांहून जुने असेल, तर ते आजच्या रोजमेळात नावे टाकून रक्कम पाठवून द्यावी. त्या बिलापलीकडे असलेले मूल कोणाच्या तरी घरचे आहे, आणि त्याचे आईवडील त्याला ‘हे कच्चे काम सोड’ असे सांगत असण्याचे कारण कदाचित आपणच असू.